कॉक्लियर इम्प्लांटचा क्लेम ‘कर्णयंत्र’ म्हणून नाकारला, आता काय करायचं?

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे. गेल्या चार वर्षांत तिचं दोन्ही कानांनी ऐकणं कमी होत गेलं. कर्णयंत्रं वापरून पाहिली, पण दीड वर्षानं त्यांचाही उपयोग होईना. यंदा पुण्यात उजव्या कानाचं कॉक्लियर इम्प्लांट केलं. आमची कौटुंबिक आरोग्य पॉलिसी सलग सात वर्षं चालू आहे. विमा रक्कम पहिल्यापासून १० लाख, प्रपोजर (पॉलिसी ज्याच्या नावानं घेतली तो) मी. कॅशलेस नाकारलं, म्हणून आधी पैसे भरले आणि नंतर क्लेम टाकला. हॉस्पिटलचं बिल १,७०,००० आणि उपकरणाचं ७,२०,०००, असे ८,९०,००० रुपये. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं : ‘कर्णयंत्रे व बाह्य टिकाऊ वैद्यकीय उपकरणे पॉलिसीत वगळलेली असल्याने क्लेम देय नाही.’ एक रुपयाही मिळाला नाही. शिवाय डिस्चार्ज कार्डावर ‘दहा वर्षांपासून ऐकू कमी येते’ असं लिहून ठेवलंय, ते चूक आहे. एजंट म्हणतो, आता त्यावरूनही अडवतील. सोडून द्यावं की लढावं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सोडू नका. पण ‘कंपनीनं फसवलं’ असं चार पानी पत्रही लिहू नका. तुमचा क्लेम तीन वेगवेगळ्या तुकड्यांचा आहे आणि प्रत्येक तुकड्याची ताकद वेगळी आहे. कंपनीनं तिन्ही एकाच वाक्यात उडवले. ते पुन्हा सुटे करणं हे तुमचं पहिलं काम.

पहिला तुकडा हॉस्पिटलचे १,७०,०००. यात खोली, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, सर्जनची फी, औषधं आली. यातलं काहीच ‘उपकरण’ नाही. दुसरा तुकडा शरीराच्या आत बसवलेला भाग : कानामागच्या हाडात त्वचेखाली ठेवलेला रिसीव्हर-स्टिम्युलेटर आणि त्यातून निघून कॉक्लियात (आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात) सरकवलेली इलेक्ट्रोडची तार. तिसरा तुकडा बाहेरचा स्पीच प्रोसेसर : मायक्रोफोन, बॅटरी आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी कॉइल. ‘बाह्य टिकाऊ उपकरण’ हे शब्द लावायचेच झाले तर ते फक्त या तिसऱ्या तुकड्याला लागू शकतात. दुसरा भाग बाहेरून दिसतही नाही आणि शस्त्रक्रियेशिवाय काढता येत नाही.

आता पॉलिसीचं शब्दांकन काढा. एजंटनं दिलेलं रंगीत माहितीपत्रक नको, संपूर्ण पॉलिसी वर्डिंग हवं. तेही आईंना ॲडमिट केलं त्या तारखेला लागू असलेल्या नूतनीकरणाचं. कंपन्या मधल्या वर्षांत शब्दांकन बदलतात आणि सात वर्षांपूर्वीची प्रत हातात धरून भांडणारे पहिल्याच उत्तरात गार होतात. त्यासोबत कस्टमर इन्फर्मेशन शीट असते, तीही घ्या. काय वगळलंय ते त्यात थोडक्यात दिलेलं असतं आणि मागणी केल्यास ती मराठीतही मिळायला हवी.

वर्डिंगमध्ये तीन गोष्टी शोधायच्या.

वगळलेल्या बाबींच्या यादीत ‘कॉक्लियर इम्प्लांट’ हे शब्द नावानिशी आहेत का? काही पॉलिसींत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, कर्णयंत्र यांच्या ओळीत तेही घातलेलं असतं. तसं असेल तर उपकरणाचे पैसे मिळवणं खरोखर अवघड आहे, आणि पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या तुकड्यापुरतं वाचा. नावानिशी नसेल, म्हणजे पत्रात आहे तसं फक्त ‘कर्णयंत्रे व बाह्य टिकाऊ उपकरणे’ एवढंच असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. एखादी बाब वगळलेली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि संदिग्ध शब्दाचा अर्थ तो करार लिहिणाऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या, विरुद्ध लावायचा हे तत्त्व न्यायालयांनी विम्यात वारंवार वापरलं आहे.

दुसरं, ‘काय काय देय आहे’ या भागात ‘शस्त्रक्रियेदरम्यान शरीरात बसवलेली कृत्रिम अवयव वा उपकरणे’ अशा अर्थाची ओळ आहे का? पेसमेकर, स्टेंट, गुडघ्याचा सांधा यांचे पैसे याच ओळीखाली मिळतात. ती सापडली तर कलम क्रमांक आणि पान क्रमांक टिपून ठेवा. तक्रारीचा कणा तोच.

तिसरं, कॉक्लियर इम्प्लांटला वेगळी मर्यादा आहे का? काही पॉलिसी ते देतात, पण ठरावीक रकमेपर्यंतच. अशी मर्यादा सापडली तर ती अडचण समजू नका. जी गोष्ट वगळलेली आहे तिला कोणी मर्यादा घालत नाही, त्यामुळे ती पॉलिसीत येते हे कंपनीनंच लिहून दिल्यासारखं होतं.

कर्णयंत्र आणि इम्प्लांट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला लांब वैद्यकीय निबंध नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, जे कोड हॉस्पिटलं आणि टीपीए (कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्था) रोज वापरतात, त्यात कानात बसवलेल्या इम्प्लांटसाठी झेड ९६.२ हा कोड आहे आणि बाहेरून लावायच्या कर्णयंत्रासाठी झेड ९७.४ हा दुसरा. कंपनीची स्वतःची कोडिंग पद्धत जिथे फरक करते तिथे क्लेम विभागाला तो पुसता येत नाही. सर्जनकडून लेटरहेडवर सात-आठ ओळींचं प्रमाणपत्र घ्या : निदान (दोन्ही कानांचा संवेदी-चेताजन्य बहिरेपणा, कोड एच ९०.३), कर्णयंत्र किती महिने वापरलं आणि ते लावून केलेल्या शब्द-ओळख चाचणीत किती टक्के आले, त्यामुळे शस्त्रक्रिया का आवश्यक होती, काय बसवलं, आणि बसवलेला भाग शस्त्रक्रियेशिवाय काढता येत नाही हे वाक्य. त्या प्रमाणपत्रात इम्प्लांटसाठी ‘हिअरिंग डिव्हाइस’ किंवा ‘श्रवणयंत्र’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. बऱ्याच क्लेमची माती इथेच होते : डिस्चार्ज कार्डावर निवासी डॉक्टर घाईत ‘हिअरिंग डिव्हाइस फिटिंग’ लिहितो आणि क्लेम तपासणारा तोच शब्द उचलतो.

यानंतर बिल. तुमच्या पत्रावरून दिसतं की उपकरणाचं ७,२०,००० चं बिल एकाच ओळीचं आहे. हा कंपनीच्या हातात दिलेला आयता मुद्दा आहे, कारण एकच आकडा असेल तर प्रोसेसरसकट सगळं ‘बाह्य’ ठरवता येतं. पुरवठादाराकडून आतल्या भागाची आणि बाहेरच्या प्रोसेसरची किंमत वेगळी दाखवणारं पत्र घ्या. त्यात मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, प्रत्येक भागाचा मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक हवा, आणि दोन्ही किमतींची बेरीज मूळ बिलाशी रुपयापर्यंत जुळायला हवी. मूळ बिलावर खाडाखोड किंवा मागच्या तारखेचं नवं बिल अजिबात नको. ते एकदा सापडलं की विषय इम्प्लांटचा राहत नाही, बनवाबनवीचा होतो. बिल बदलायचंच असेल तर पुरवठादारानं आधीच्या बिलावर क्रेडिट नोट काढून आजच्या तारखेचं सुधारित बिल द्यावं. पण बहुतेकदा पत्र पुरतं.

त्याबरोबर इम्प्लांटचं स्टिकर लागतं. ऑपरेशनच्या वेळी खोक्यावरचे सिरियल क्रमांकाचे स्टिकर काढून केसपेपरवर चिकटवतात. त्या पानाची प्रमाणित प्रत मेडिकल रेकॉर्ड विभागातून मागा. स्टिकरवरचा, बिलावरचा आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक एकच आहे ना, ते घरी बसून ताडून पाहा. हॉस्पिटलच्या अंतिम बिलात उपकरण आलेलं नसून तुम्ही पुरवठादाराला थेट पैसे दिले असतील, तर ‘सदर इम्प्लांट आमच्याकडे या रुग्णाला या तारखेला बसवले’ असं हॉस्पिटलचं पत्र आणि बँकेचा व्यवहार दाखवणारं पान जोडा.

हॉस्पिटलच्या बिलातही एक बारकावा आहे. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली असेल तर कंपनी बाकी खर्चही त्याच प्रमाणात कापते. पण औषधं व वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट व उपकरणं, आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. विमा नियामकानं (आयआरडीएआय) जून २०२० मध्येच तसं स्पष्ट केलं आहे. उद्या कंपनी नरमली आणि ७,२०,००० मधून टक्केवारीनं कापून पैसे देऊ लागली, तर हे लक्षात असू द्या. शस्त्रक्रियेआधीचे एमआरआय, सीटी आणि श्रवणचाचण्या, तसंच नंतरचं मॅपिंग (प्रोसेसर रुग्णाच्या ऐकण्यानुसार जुळवणं), ही बिलं बहुतेक पॉलिसींत आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांत बसतात. ती टाकली नसतील तर आता वेगळी जोडा.

डिस्चार्ज कार्डावरच्या ‘दहा वर्षां’नी तुम्ही घाबरलात, पण तुमच्या प्रकरणात तो मुद्दा दिसतो तेवढा धारदार नाही. नकारपत्रात आधीच्या आजाराचा उल्लेखच नाही. सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नकारपत्रात न घेतलेलं कारण विमा कंपनीला नंतर पुढे आणता येत नाही. दुसरं म्हणजे नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. तुमची सात वर्षं झाली आहेत. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळही आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि जुन्या ४८ महिन्यांच्या हिशेबानंही तो कधीच संपला. मधे विमा रक्कम वाढवली असती तर वाढीव रकमेपुरते हे ६० महिने वाढवल्या तारखेपासून मोजले असते. तुमची पहिल्यापासून १० लाख आहे, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

फक्त एक कागद तपासा : पॉलिसी शेड्युल, म्हणजे विमाधारकांची नावं आणि त्यांना लागू अटी असलेलं पान. नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी काही आजार, ते पॉलिसी घेताना आधीच असतील तर, ग्राहकाच्या संमतीनं कायमचे वगळण्याची मुभा कंपन्यांना दिली. त्या यादीत ‘श्रवणदोष’ आहे. शेड्युलवर आईंच्या नावापुढे तशी नोंद असेल तर ६० महिन्यांचा नियम तिथे मदतीला येत नाही, कारण ती लपवाछपवी नसून ठरलेली अट आहे. नोंद नसेल, तर निर्धास्त राहा.

डिस्चार्ज कार्ड दुरुस्त मात्र करून घ्या. हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज, सोबत आईंच्या पहिल्या श्रवणचाचणीचा आणि पहिल्या कर्णयंत्राच्या बिलाचा पुरावा, आणि त्यांच्याकडून ‘इतिहासाची नोंद अनवधानाने चुकीची झाली’ असं सही-शिक्क्याचं स्पष्टीकरण. ते फाइलमध्ये तयार ठेवा आणि कंपनीनं मुद्दा काढला तरच द्या. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणहून पाठवायचं कारण नाही.

एवढं जमलं की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो. कस्टमर केअरच्या फोनवर दिवस घालवू नका, तिथल्या बोलण्याचा कागद होत नाही. मजकूर साधारण असा :

‘पॉलिसी क्र. … क्लेम क्र. … आपल्या दि. … च्या पत्राने क्लेम पूर्णतः नाकारला आहे. (१) रुग्णालयीन खर्च रु. १,७०,००० हा उपकरणाचा खर्च नाही. तो नाकारण्यासाठी आपण कोणतेही कलम दिलेले नाही. (२) इम्प्लांटचा आतील भाग, रु. …, हा शस्त्रक्रियेत शरीरात बसवलेला असून कलम … अन्वये देय आहे. ‘कर्णयंत्रे व बाह्य उपकरणे’ हे अपवादाचे शब्द त्यास लागू होत नाहीत. (३) स्पीच प्रोसेसर, रु. …, त्याच इम्प्लांटचा अविभाज्य भाग आहे; त्याविना आतील भाग निकामी राहतो. (४) क्लेम नाकारण्यास क्लेम रिव्ह्यू कमिटीने दिलेली मंजुरी व त्यामागील वैद्यकीय अभिप्राय यांची प्रत द्यावी. (५) देय रक्कम विलंबाच्या व्याजासह द्यावी.’

चौथा मुद्दा गाळू नका. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार या कमिटीच्या, म्हणजे कंपनीच्याच क्लेम तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय कोणताही क्लेम नाकारता येत नाही आणि नकार देताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो. तुम्हाला आलेल्या नकारपत्रात कलम क्रमांकच नसेल तर नकारच नियमाबाहेरचा आहे. व्याज बँक दराच्या वर २ टक्के असतं. ते मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

त्याच दिवशी तीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका (फोन १५५२५५). नियामक तिथे निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते. पण टोकन क्रमांक मिळतो आणि तारीख पक्की होते.

कंपनीनं पुन्हा नकार दिला, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. इचलकरंजीसाठी पुण्याचं कार्यालय. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील चालत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं, आणि त्याच विषयावर आधी ग्राहक आयोगात केस टाकलेली नसावी. अनेक जण दोन्हीकडे एकदम अर्ज करतात आणि लोकपालाचा दरवाजा स्वतःच बंद करून घेतात. तक्रार तुमच्या नावानं करा, प्रपोजर तुम्ही आहात. आईंच्या सहीची गेली तर परत येईल. नोंद झाली की परिशिष्ट ६-अ भरून मागतात, त्यात मागणीची रक्कम लिहायची असते. इथे ८,९०,००० अधिक व्याज असा पूर्ण आकडा टाका, तुकडे पाडून त्याखाली दाखवा. मर्यादा ५० लाखांची आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

सुनावणी, बहुधा व्हिडिओवर, काही मिनिटांचीच असते. समोर कंपनीचा माणूस आणि बहुतेकदा त्यांचे डॉक्टर असतात. आईंच्या हालअपेष्टा सांगण्यात वेळ घालवू नका. पॉलिसीचं पान, सर्जनचं प्रमाणपत्र आणि किमतीची फोड, हे तीन कागद दाखवा आणि एकच प्रश्न विचारा : ऑपरेशनचे १,७०,००० कोणत्या कलमानं नाकारले? निवाडा सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपेक्षित असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. तुमच्यावर मात्र तो बंधनकारक नाही. पटला नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि भरलेला प्रीमियम ५ लाखांच्या आत असल्यानं फी नाही. तिथे वेळ मात्र खूप लागतो, म्हणून आधी लोकपाल.

आमचा अंदाज विचाराल तर, ‘कॉक्लियर इम्प्लांट’ नावानिशी वगळलेलं नसल्यास पहिले दोन तुकडे मिळायला हवेत. प्रोसेसरवर खरा वाद होईल. तो इम्प्लांटचाच भाग आहे हा मुद्दा रास्त आहे, पण ‘बाह्य’ शब्द तिथे शब्दशः बसतो आणि निकाल दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो. कंपनी मधेच फोन करून पहिले दोन तुकडे ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून देऊ करेल. रक्कम घ्यायला हरकत नाही, पण डिस्चार्ज व्हाउचरवर (पैसे मिळाल्याच्या कंपनीच्या पावतीवर) ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असतील तर सही करण्याआधी ‘प्रोसेसरच्या रकमेबाबतचा हक्क राखून’ असं लिहून द्यायला सांगा. नाहीच ऐकलं तर प्रोसेसरसाठी पुढे लढायचं की नाही, ते सहीआधी ठरवा.

ज्या वाचकांचा क्लेम कानामागे किंवा कानात लावायच्या साध्या कर्णयंत्राचा आहे, त्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नये. हॉस्पिटलात दाखल न होता दुकानातून घेतलेलं यंत्र बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत वगळलेलं असतं आणि लोकपालाकडेही सहसा काही हाती लागत नाही. नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत असाल तर एचआरकडे कॉर्पोरेट बफरबद्दल (ग्रुप पॉलिसीत ठेवलेल्या जादा राखीव रकमेबद्दल) विचारा. वगळलेली बाब त्यातून देण्याचा निर्णय काही कंपन्या घेतात. लहान मुलांची गोष्ट आणखी वेगळी. जन्मजात बहिरेपण असलेल्या ५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या) योजनेत, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत, इम्प्लांट मिळू शकतं. उत्पन्नाची अट आहे. राज्यात २ ते ६ वयोगटासाठी मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मदत होते. मात्र या अर्जांचं काम ऑपरेशनच्या आधी उरकावं लागतं, खर्च करून झाल्यावर नाही.

शेवटचं तुमच्यापुरतं. रागाच्या भरात पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करू नका. नवी कंपनी आईंना नाकारू शकते. चालू कंपनीला क्लेम झाला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि दुसऱ्या कानाचं ऑपरेशन पुढे करायचं ठरलं तर ही सात वर्षंच कामी येतील. बाहेरचा प्रोसेसर हरवला, पाण्यात पडला तर आरोग्य पॉलिसी काही देणार नाही. त्याचा नुकसानीचा वेगळा विमा मिळतो का, ते पुरवठादाराला वॉरंटी संपायच्या आत विचारा.